भावेला का दीनानाथला?

सांगलीच्या स्टँडवर उतरलो, रिक्षात बसलो आणि म्हणालो, "नाट्यगृहाकडं घ्या." त्यानं मान वळवून विचारलं, "कुठल्या? भावेला का दीनानाथला?"

या गावात दोन माणसं अशी पत्ता होऊन बसलीत. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथंच, सांगलीचे संस्थानिक पटवर्धन सरकारांपुढं 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं, म्हणून 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन. भावे ऐंशी ओलांडून गेले. गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर साधारण त्याच्या निम्म्यावर, 41व्या वर्षी.

"दीनानाथला," मी म्हणालो.

नाट्यगृहाच्या पाटीवरचं नाव वाचलं, फोटो काढला, झालं. बघण्यासारखं तेवढंच. बाकी सगळं डोक्यात चालू होतं. 1918 साली, सतरा वर्षांचं पोर किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडतं आणि जोडीदारांबरोबर स्वतःची बलवंत संगीत मंडळी काढतं! नाटककार राम गणेश गडकऱ्यांनी 'भावबंधन' हे नाटक या मंडळीसाठी लिहिलं. लिहून हातावेगळं केलं आणि जानेवारी 1919 मध्ये गेले, वय 33. त्या नाटकातल्या लतिकेला दीनानाथांनी रंगमंचावर उभं केलं, पण ते बघायला गडकरी नव्हते. (ही दोन वयं शेजारी मांडली की मला जरा कसंतरीच होतं.) पुढं बोलपटांनी संगीत नाटकाचा प्रेक्षक पळवला. बलवंतनंही 1934 मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' हा चित्रपट काढून पाहिला, पण बसलेली घडी विस्कटली ती विस्कटलीच. एप्रिल 1942 मध्ये पुण्यात दीनानाथ गेले. थोरली लता तेव्हा 12 वर्षांची.

'आणखी जगले असते तर' असं लोक हळहळतात. मी मात्र त्या सतराव्या वर्षापाशीच अडकून पडतो. त्या वयात मी अकरावीची फी भरायला वडिलांना बरोबर नेलं होतं.

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर भडंगाची पुडी घेऊन बसलो. समोर आयर्विन पूल. पावसाळ्यात या पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं, त्यावर अख्खं गाव झोपायचं की सामान माळ्यावर टाकायचं ते ठरवतं. आता नदी पार तळाशी होती. कानात 'शूरा मी वंदिले' लावलं. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी, पण तान अशी सुटते की हातातलं भडंग हातातच राहतं.

शेजारच्या पायरीवर एक आजोबा बसले होते. "काय ऐकताय?" म्हणाले. एक इअरफोन त्यांना दिला. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"फार वर जातोय हो गळा. कोण?"

"दीनानाथ."

"म्हणजे लताबाईंचे वडील," ते म्हणाले आणि इअरफोन परत देता देता पुडीतले दोन शेंगदाणे उचलले.