चुलीमागे वर्गणी काढून बांधलेल्या शाळा

गेल्या वसंतात आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी क्योटोला आली आणि तिला मंदिरे दाखवण्याचा माझा बेत पहिल्याच आठवड्यात कोलमडला. तिचे दोन्ही गुडघे दुखरे, हातात वॉकर, आणि इथल्या बहुतेक मंदिरांत आधी खडीची वाट, मग दगडी पायऱ्या. तेव्हा आम्ही मंदिरांऐवजी शाळा पाहायला निघालो, म्हणजे ज्या शाळांत आता एकही विद्यार्थी नाही अशा शाळा.

क्योटोच्या मध्यवस्तीत अशा इमारती जागोजागी आहेत, आणि त्यामागे इतिहास आहे. राजधानी टोकियोला हलली, तेव्हा शहर ओस पडेल या धास्तीने इथल्या व्यापारी पेठांनी १८६९ साली एका वर्षात ६४ प्राथमिक शाळा उभ्या केल्या. जपान सरकारची देशव्यापी शालेय व्यवस्था १८७२ सालची, म्हणजे त्यानंतरची. या शाळांसाठी लोकांनी जी वर्गणी दिली तिला ‘कामादोकिन’ म्हणत. कामादो म्हणजे चूल; ज्या घरात चूल पेटते त्या घराने पैसे द्यायचे, मग घरात शाळेत जाणारे मूल असो वा नसो. हे सांगितल्यावर आई म्हणाली, “म्हणजे आपल्याकडे गणपतीची घरटी वर्गणी काढतात, तशीच की गं!” याच इमारतींत पेठेच्या बैठका भरत आणि आगीवर नजर ठेवायला वर मनोरा असे. त्यामुळे पटसंख्या घटून शाळा बंद झाल्या, तेव्हा इमारतीचे पुढे काय करायचे याबद्दल पेठेतल्या लोकांना आपला हक्क वाटत होता, आणि तो महापालिकेला झटकून टाकता येण्यासारखा नव्हता.

आम्ही प्रथम पाहिली ती मेइरिन शाळा. इमारत १९३१ सालची, शाळा १९९३ साली बंद झाली आणि २००० सालापासून तिथे क्योटो आर्ट सेंटर आहे. वर्गखोल्यांत नाटकाच्या तालमी चालतात, कलावंत काम करतात. एका वर्गात कॉफीचे दुकान आहे. पण आईचे लक्ष वेधले ते मजल्यांना जोडणाऱ्या उताराने. जिन्याच्या जागी रुंद, सलग चढण आणि बाजूला खिडक्या. ती १९३१ साली बांधताना गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यांचा विचार कोणी केला नसणार. मुलांच्या धावपळीचाच केला असावा. आईने वॉकर खाली ठेवला, माझा हात धरला आणि तीन वेळा थांबत, खिडकीबाहेर पाहत ती वर पोहोचली. वर ७८ तातामींची, म्हणजे ७८ चटयांची, प्रशस्त बैठकीची खोली आहे, तिथे मात्र तिला उंबरठ्यापाशीच राहावे लागले. कारण जमिनीवर बसणे तिला जमत नाही, आणि बसलीच तर उठवणार कोण?

अर्थात जुना उतार आहे म्हणून इमारत सर्वांना वापरता येते असे होत नाही. नियमातला उतार १:१२, म्हणजे एक फूट वर जायला बारा फूट लांबी लागते. बारा फुटांचा एक मजला चढायचा तर १४४ फूट झाले, शिवाय मध्ये विश्रांतीचे टप्पे वेगळे. जुन्या शाळेत एवढी जागा काढायची कुठून? म्हणून लिफ्ट बसवावी लागते, आणि खरी कारागिरी तिथे दिसते. तात्सुइके या शाळेच्या जागी २००६ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, संग्रहालयात लाकडी जमिनी कुरकुरतात, मुख्याध्यापकांची खोली जपलेली आहे आणि लिफ्टही आहे. सुमारे २०० मीटर लांबीच्या फळ्यांवर ५० हजार चित्रकथा मांडल्या आहेत. कोणीही उचलाव्यात आणि पूर्वीच्या मैदानात हिरवळीवर लोळत वाचाव्यात. आईला जपानी येत नाही, तरी तिने बाकावर बसून एक अख्खी पाहून काढली, तीही शेवटाकडून, म्हणजे जपान्यांच्या लेखी उलटी.

सगळ्याच शाळांच्या नशिबी हे आले नाही. रिस्सेइ शाळेच्या आवारात २०२० साली हॉटेल सुरू झाले. जुनी इमारत उत्तम राखली आहे आणि पुढची हिरवळ सर्वांसाठी खुली आहे हे मान्य, पण चुलीच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या जागी खोलीचे भाडे विचारताना मला अवघडल्यासारखे होते.

आमच्या वस्तीतली जुनी शाळा एवढी नामांकित नाही. तिथे मंगळवारी ज्येष्ठांचा व्यायाम असतो आणि आई तिथे नियमाने जाऊ लागली. प्राथमिक शाळेच्या जिन्याची पायरी १६ सेंटीमीटरपेक्षा उंच असू नये, असा जपानी बांधकाम नियमांचा सर्वसाधारण दंडक आहे. तिथला जिना त्याच बेताचा, त्यामुळे आईच्या गुडघ्यांना मानवला. व्हरांड्यातले हात धुण्याचे नळ सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीचे आहेत. माझी कंबर वाकून दुखते, पण चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या एक आजी तिथे सहज हात धुतात.

दाराशी मात्र बूट काढायचे आणि वीतभर उंचीची पायरी चढायची. तिच्यावर लाकडी फळीचा उतार टाकलेला आहे. चढताना तो खडखडतो, सगळे मागे वळून पाहतात. आणि अपंगांसाठीचे ऐसपैस स्वच्छतागृह आम्ही पहिल्या दिवशी उघडले, तर आत छतापर्यंत घडीच्या खुर्च्या रचलेल्या. व्यवस्था पाहणारे गृहस्थ कमरेत वाकून माफी मागत राहिले आणि एकेक खुर्ची बाहेर काढू लागले. आईला घाई होती, त्यांना शिष्टाचार सोडवेना. पुढच्या मंगळवारी खुर्च्या गेलेल्या होत्या. त्यांच्या जागी दोन टेबलपंखे आणि छत्र्यांचा एक स्टँड होता.