जुन्या चित्रांतल्या जपानी बाहुल्या: अपडेट ४

मंडळी, दिवाळीनंतर काहीच टाकलं नाही कारण एकाच पोस्टकार्डावर अडकले होते. मोजणी आता ६१ चित्रांवर आलीये, सगळी १८८० ते १९३० च्या दरम्यानची, मुलं खेळतायत आणि त्यात कुठेतरी जपानी बाहुली आहे अशी. मी शोधतेय ते एकच, चित्रकाराने खरी बाहुली समोर ठेवून काढलीये की नुसतं ऐकून.

तर ते पोस्टकार्ड. इंग्लंडचं, साधारण १९१० चं. जिन्यात एक छोटी मुलगी बाहुलीला एका हाताला धरून फरफटत नेतेय, बाही पार खांद्यापर्यंत सरकलीये, दंड चिंधीसारखा लोंबतोय आणि कोपराखालचा हात मात्र एकदम ताठ. मला वाटलं ड्रॉइंग चुकलंय. पण तेव्हा जपानहून परदेशात जाणाऱ्या स्वस्त बाहुल्यांचे दंड आणि मांड्या खरंच कापडाच्या नाहीतर कागदाच्या असायच्या, डोकं आणि कोपर-गुडघ्याखालचे हातपाय लगद्याचे, त्यावर कालवांच्या शिंपल्यांच्या पुडीचा पांढरा थर, ज्याला गोफुन म्हणतात, आणि पोटात दाबलं की चूं करणारी पिपाणी. म्हणजे या बाईंनी (सही बाईची आहे) अशी बाहुली नक्की हातात घेतली होती, नाहीतर असा दंड सुचणारच नाही! इतका आनंद झाला की रात्री अकराला बहिणीला फोन केला.

दुसरी खूण किमोनोची. घालणाऱ्याचा डावा पदर वर यायला हवा, उजवा वर असतो तो मृताच्या अंगावर. माझ्याकडे ९ चित्रांत उजवा वर होता आणि मी सगळ्यांपुढे 'ऐकीव' लिहून मोकळी झाले होते, पण त्यातल्या ४ चित्रांत सहीची अक्षरं उलटी दिसली, म्हणजे विकणाऱ्याकडून आलेला स्कॅनच आरशातल्यासारखा उलटा होता, त्या ४ नोंदी बदलल्यात. तुमच्याकडेही असं काही असेल तर आधी सही बघा.

जपानी चित्रांचा गठ्ठा वेगळा ठेवलाय. मियागावा शुंतेई यांची १८९६ च्या सुमाराची मुलांच्या खेळांची चित्रं मला सगळ्यात आवडतात, आपल्या भातुकलीसारखाच रंगलेला खेळ. ३ मार्चच्या हिनामात्सुरीच्या (जपानमधला मुलींचा सण) बाहुल्या मी यात धरत नाही, त्या पायऱ्यांवर आरास करून मांडायच्या, फरफटवायच्या नाहीत.

१९२७ नंतरची चित्रं अजून फार कमी सापडलीत. त्या वर्षी अमेरिकेतून १२,००० हून जास्त बाहुल्या जपानी मुलांना गेल्या आणि उलट ५८ मोठ्या इचिमात्सु (किमोनोतल्या लहान मुलासारख्या दिसणाऱ्या) बाहुल्या अमेरिकेत आल्या, तेव्हा त्या काळच्या अमेरिकन मुलांच्या मासिकांत या हमखास असणार. पुढचा महिना त्यातच. कोणाकडे १९२८ ते ३० चे अंक असतील तर नुसते कव्हरचे फोटो टाकले तरी चालतील, फक्त सही दिसू द्या.