तुम्ही विचारलेत म्हणून: घरातला जुना सीआरओ कोणाला द्यावा?

“मॅडम, यांच्या खोलीतल्या यंत्रांचे आता काय करावे?” हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो. विचारणाऱ्या बहुधा घरातल्या वहिनी असतात, कधी पुण्याला नोकरी करणारा मुलगा असतो, आणि एकदोनदा स्वतः यंत्रांच्या मालकांनीच, डोळे साथ देईनासे झाल्यावर, विचारले आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात 31 वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे मापन यंत्रांची प्रयोगशाळा माझ्याकडे होती, म्हणून लोकांना माझी आठवण होत असावी. सांगली-मिरजेत रेडिओ आणि पुढे टीव्ही दुरुस्तीची दुकाने चालवणारी, आसपासच्या कारखान्यांत इन्स्ट्रुमेंट विभाग सांभाळणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. पोटाला चिमटा काढून त्यांनी घेतलेले मल्टिमीटर (व्होल्टेज, प्रवाह आणि रोध मोजणारे), सिग्नल जनरेटर (चाचणीसाठी हव्या त्या कंपनसंख्येचा सिग्नल देणारे) आणि सीआरओ (कॅथोड रे ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारे यंत्र) आज माळ्यावर किंवा जिन्याखाली चादरीत गुंडाळून ठेवलेले आहेत. फोनवर प्रत्येकाला तुटक सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, असे वाटले.

माझे पहिले सांगणे अनेकांना खटकते, तरीही ते अनुभवाने ठरलेले आहे. यंत्र संस्थेला देऊ नका, माणसाला द्या. घरच्यांच्या मनात सर्वांत आधी येते ते एखादे महाविद्यालय, कारण तिथे मुले शिकतील आणि वडिलांचे नावही राहील. प्रत्यक्षात आजच्या प्रयोगशाळेत डिजिटल स्टोरेज सीआरओ असतात, अभ्यासक्रम त्यांच्यावर बेतलेला असतो आणि जुन्या यंत्राला ठेवायला टेबल नसते. एखाद्या शिक्षकाने आवडीने ते स्वीकारले, तरी त्याची बदली झाली की यंत्र संस्थेच्या सामानाची नोंद ठेवणाऱ्या डेडस्टॉक रजिस्टरातली एक ओळ होऊन बसते. एका शैक्षणिक संस्थेत निर्लेखन झालेल्या, म्हणजे वापरातून बाद ठरवलेल्या, सामानाचा ढीग मी स्वतः पाहिला आहे. निविदा किलोवर निघाली होती. सिग्नल जनरेटर एकावर एक रचले होते, खालच्यांच्या काचा फुटल्या होत्या, प्रोब (मोजायच्या जागी टेकवायच्या वायरी) आणि इतर वायरी तांब्यासाठी वेगळ्या केल्या होत्या, आणि ज्यांच्याशिवाय त्या यंत्रांची दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते ती जाड मॅन्युअले शेजारच्या खोलीत रद्दीच्या गठ्ठ्यात बांधलेली होती. नियमाप्रमाणे सगळे बरोबर होते, कागदांवर सह्याही होत्या. त्या दिवशी मला झालेले दुःख अजून ओसरलेले नाही. त्यातली दोन मॅन्युअले मी रद्दीच्या भावाने विकत घेतली, तेवढेच माझ्या हाती होते.

संग्रहालयाबद्दल थोडक्यात सांगते. संग्रहालयांना दुर्मीळ वस्तू हवी असते किंवा जिच्यामागे लेखी इतिहास आहे अशी वस्तू हवी असते. कारखान्यांत हजारोंनी वापरलेले यंत्र ते सहसा घेत नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

तेव्हा माणूस शोधायचा, आणि तो शोधण्यासाठी आपल्याकडचे यंत्र आजही कोणते काम करू शकते हे आधी समजून घ्यायचे. घरोघरी सर्वाधिक सापडणारी वस्तू म्हणजे काट्याचा मल्टिमीटर, आणि त्यातही काळ्या पेटीतला, कातडी पट्ट्याचा ॲव्होमीटर. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. त्याच्या मॉडेल 8 चे उत्पादन 1951 मध्ये सुरू झाले आणि 2008 पर्यंत चालले, यावरून त्याच्या घडणीची कल्पना यावी. डिजिटल मीटर दोनचारशे रुपयांत मिळत असताना हा कोण घेईल, असे घरच्यांना वाटते. व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे, रेडिओ दुरुस्त करणारा माणूस तो आनंदाने घेईल, आणि त्यामागे ठोस कारण आहे. जुन्या रेडिओंच्या सर्किट डायग्रामवर जागोजागी जे व्होल्टेज छापलेले असते, ते बहुधा प्रतिव्होल्ट 20,000 ओहम किंवा त्याहून कमी रोधाच्या काट्याच्या मीटरने घेतलेले असते. मीटर स्वतःच थोडा प्रवाह ओढतो, त्यामुळे काही बिंदूंवर आकडा खाली येतो. डिजिटल मीटरचा रोध साधारण 1 कोटी ओहम असल्यामुळे त्याच बिंदूवर तो जास्त व्होल्टेज दाखवतो आणि नवखा दुरुस्तीकार नसलेला दोष शोधत बसतो. ॲव्होमीटर लावला की छापील आकडा आणि काटा जुळतात. मीटर देताना आतले सेल मात्र काढून टाकावेत, कारण गळलेल्या सेलने आतले संपर्क खाल्ले की उत्तम मीटरही निकामी होतो. प्रवासात काटा आपटू नये म्हणून आतल्या कॉइलची दोन टोके तारेने जोडून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. कॉइल हलू लागली की तिच्यातच निर्माण होणारा प्रवाह तिला आवरतो.

सिग्नल जनरेटरला दोन प्रकारचे घर मिळते. एक रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे, ज्याला 455 किलोहर्ट्झवर आयएफ, म्हणजे रेडिओच्या आतला मधल्या ठरावीक कंपनसंख्येचा टप्पा, जुळवावा लागतो, आणि दुसरे हौशी रेडिओचा (हॅम) परवाना असलेल्याचे. हे दुसरे लोक मला विशेष विश्वासाचे वाटतात, कारण ते एकमेकांना ओळखतात, आणि एकाला नको असलेली वस्तू कोणाला हवी आहे हे त्यांना ठाऊक असते. जनरेटरची डायल अजून खरे बोलते की नाही, हे पाहण्याची एक रीत मी विद्यार्थ्यांना शिकवत असे. रेडिओवर आकाशवाणी सांगली, म्हणजे 1251 किलोहर्ट्झ, लावायचे, जनरेटरची वायर रेडिओजवळ नुसती ठेवायची आणि डायल सावकाश फिरवायची. स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते, डायल जवळ आणावी तशी ती शिट्टी खाली उतरत जाते आणि दोन्ही कंपनसंख्या अगदी सारख्या झाल्या की ती विरून जाते. त्या क्षणी डायलवर 1251 दिसत असेल, तर यंत्र शाबूत आहे. डायल 1260 दाखवत असेल, तर तेवढे कागदावर लिहून द्यावे. घेणाऱ्याला यंत्रात दोष चालतो, तो लपवलेला चालत नाही.

ऑडिओ ऑसिलेटरच्या, म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या कंपनसंख्यांचा सिग्नल देणाऱ्या यंत्राच्या, बाबतीत मी स्वतःचाच नियम थोडा मोडते. ह्यूलेट-पॅकार्डचा जुना ऑसिलेटर असेल आणि शिकवण्याची ओढ असलेला एखादा विज्ञान शिक्षक माहितीतला असेल, तर तो त्याला द्यावा, मात्र त्याच्या व्यक्तिगत नावाने. त्या यंत्राच्या आत एक छोटा दिवा असतो आणि तो प्रकाशासाठी नसतो. विल्यम ह्यूलेट यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस ही योजना केली. सिग्नल वाढला की दिव्याची तार तापते, तापली की तिचा रोध वाढतो, आणि रोध वाढला की सिग्नल आपोआप आवरला जातो. त्या काळात इतका स्वच्छ आणि स्थिर साइन वेव्ह इतक्या साध्या भागांतून मिळणे ही मोठी गोष्ट होती. ऋण प्रतिभरण (निगेटिव्ह फीडबॅक), म्हणजे वाढणाऱ्या सिग्नलनेच स्वतःला आवरणे, हा विषय फळ्यावर दोन तास शिकवूनही ज्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे, अशी मुले झाकण काढून हा दिवा दाखवला की पुढे सरकून प्रश्न विचारू लागत. तरीही शाळेत देताना मी एक अट घालते. व्हॉल्व्हच्या यंत्रांत शेकड्यांनी व्होल्ट असतात, तेव्हा झाकण उघडायचे ते शिक्षकानेच, प्लग काढून आणि कंडेन्सर डिस्चार्ज करून.

आता सीआरओकडे वळते, कारण सर्वांत जास्त विचारणा त्याच्याबद्दल असते आणि सर्वांत जास्त नुकसानही त्याचेच होते. सांगलीच्या गावभागातल्या एका वहिनींनी मला बोलावले होते. त्यांच्या यजमानांनी फार वर्षांपूर्वी पुण्याच्या लिलावातून घेतलेला टेक्ट्रॉनिक्स 545 हा सीआरओ माडीवर होता. तो पूर्ण व्हॉल्व्हचा आणि जवळपास 30 किलो वजनाचा आहे. माडीवर होता म्हणूनच ऑगस्ट 2019 च्या कृष्णेच्या महापुरातून तो वाचला. बाजूचे पत्रे काढल्यावर आत धुळीचा पातळ थर होता, आणि त्या धुळीखाली पांढऱ्या सिरॅमिकच्या पट्ट्यांवर एका रांगेत बसवलेले रेझिस्टर आणि कंडेन्सर असे दिसत होते, जणू काल कोणी हाताने लावले आहेत. एका कोपऱ्यात सोल्डरच्या तारेचे छोटे रीळ अडकवलेले होते. वहिनींना वाटले की यजमानांचेच काही तरी आत राहून गेले. ते रीळ यंत्राचेच होते. त्या पट्ट्यांच्या खाचांवर चांदीचा मुलामा असतो, साध्या सोल्डरने तो विरघळून निघून जातो, म्हणून सुमारे 3 टक्के चांदी असलेले सोल्डर कंपनी यंत्राच्या आतच ठेवून देत असे. पुढे कधी तरी कोणी तरी हे दुरुस्त करील, हे गृहीत धरून यंत्र बांधणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

वहिनींचा मुलगा मोठ्या उत्साहाने प्लग लावायला निघाला होता, त्याला मी थांबवले. तुम्हालाही हेच सांगते: वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र “चालते का ते बघू” म्हणून थेट सुरू करू नका. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला ऑक्साइडचा थर न वापरल्याने क्षीण होतो, आणि पूर्ण व्होल्टेज एकदम मिळाले तर कंडेन्सर तापून फुटतो, कधी सोबत ट्रान्सफॉर्मरही नेतो. जाणकार माणूस डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, ते सावकाश वाढवत नेतो, निदान प्रवाह मर्यादित राहावा म्हणून सिरीजमध्ये दिवा तरी लावतो. शिवाय अमेरिकेतून आलेले यंत्र 117 व्होल्टसाठी जोडलेले असू शकते, तेव्हा आधी नेमप्लेट वाचावी. विकताना “चालू स्थितीत” म्हणता यावे, या मोहापायी चांगली यंत्रे शेवटच्या दिवशी मरतात. “बंद आहे, सुरू करून पाहिलेले नाही” एवढे सांगणे अधिक किमतीचे आहे.

तो सीआरओ शेवटी तासगावच्या एका तरुणाकडे गेला. तो दिवसा कुपवाडच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनची कार्डे दुरुस्त करतो आणि रात्री व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर बांधतो. त्याच्याआधी दोघे येऊन गेले होते. पहिल्याने किंमत विचारली, दुसऱ्याने दिवाणखान्यात ठेवायला छान दिसेल असे म्हटले. या मुलाने मॅन्युअल आहे का हे विचारले, मग प्लग-इन, म्हणजे यंत्रात पुढून खोचायचा बदलता भाग, कोणता आहे ते वाकून पाहिले आणि शेवटी, घरी माती-सिमेंटचे काम चालू असल्यामुळे न्यायला महिनाभर थांबलात तर चालेल का, असे विचारले. यंत्र धुळीत जाऊ नये म्हणून जो थांबायला तयार आहे, त्याच्याकडे ते नीट राहील, असे मी वहिनींना तिथेच सांगितले.

पैशांविषयी माझे मत असे आहे की फुकट देऊ नये आणि अडूनही बसू नये. फुकट मिळालेली वस्तू अनेकदा पुढच्या माळ्यावर जाते. घेणाऱ्याच्या ऐपतीला साजेशी रक्कम घ्यावी, आणि यंत्र नको झाले तर भंगारात न घालता आधी कळवायचे, एवढा शब्द घ्यावा. यंत्रासोबत प्रोब, वायरी, मॅन्युअल आणि मालकाची वही हे सारे एकाच खोक्यात जायला हवे. वहीत कोणता भाग कधी बदलला हे लिहिलेले असते, आणि ती माहिती दुसरीकडे कुठेच नसते. मालक हयात असतील, तर हे काम आजच करा. प्रत्येक यंत्रावर चिठ्ठी चिकटवून त्यांनाच सांगायला लावा: केव्हा घेतले, काय बिघडले आहे, कोणते बटण अडकते. नंतर घरच्यांना साधा व्होल्टमीटर आणि व्हॅक्यूम ट्यूब व्होल्टमीटर (व्हॉल्व्हवर चालणारा) यांतला फरकही ओळखता येत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

सगळेच वाचवण्याजोगे असते, असे मी म्हणणार नाही. वेस्टन स्टँडर्ड सेल, म्हणजे मीटर तपासण्यासाठी ठरावीक व्होल्टेज देणारा सेल, असेल, तर तो कोणाला भेट म्हणून देऊ नका. त्याच्या काचेत पारा आणि कॅडमियम असते. काही होण्यासारखे नसलेली यंत्रे गल्लीतल्या भंगारवाल्याला घालण्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावीत. त्यासाठीचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. भंगारात सीआरटीची, म्हणजे सीआरओच्या पडद्याच्या नळीची, शिसेयुक्त काच फोडली जाते आणि वायरी उघड्यावर जाळल्या जातात, तो धूर आपल्याच वस्तीत राहतो. पण त्याआधी आतले भाग पाहावेत. गावभागातल्या त्याच घरात तळमजल्यावर एक भारतीय बनावटीचा सीआरओ चार दिवस पुरात बुडाला होता. स्वच्छ पाण्याने धुऊन आणि आठवडाभर वाळवूनही त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या कागदात मुरलेले पाणी गेले नाही, इन्सुलेशनच्या चाचणीचा आकडा प्रत्येक वेळी खाली येत राहिला, आणि मी त्याचा नाद सोडला. सीआरटी मात्र बंद काचेची असल्याने जशीच्या तशी राहिली होती. तेच मॉडेल वापरणाऱ्या मिरजेच्या एका दुरुस्तीकाराच्या सीआरओची ट्यूब अंधूक झाली होती. त्याने ही ट्यूब, सोबत चार नॉब आणि पुढची काच नेली, आणि उरलेला सांगाडा पुनर्चक्रणाला गेला.