उलटा कोयता

फौजदारी अपिलात साक्षीदार येत नाहीत. खालच्या कोर्टाचा आर अँड पी येतो, म्हणजे दोऱ्यानं बांधलेला कागदांचा गठ्ठा, आणि सापडायचं ते त्यातच. माझ्या पक्षकाराला मॅजिस्ट्रेटनी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या 498-अ, म्हणजे बायकोच्या छळाच्या कलमाखाली दोन वर्षं आणि 324, म्हणजे घातक हत्यारानं दुखापतीच्या कलमाखाली एक वर्ष दिलेलं, दोन्ही एकत्र भोगायची. 30 दिवसांच्या आत अपील टाकलं, शिक्षेला स्थगिती घेतली, जामीन झाला. मग नुसत्या तारखा.

केस ऊसपट्ट्यातली, हत्यार कोयता. पहिल्याच वाचनात मला घबाड मिळालं. जखमेच्या दाखल्यावर डॉक्टरांनी लिहिलेलं : डोक्याच्या डाव्या बाजूला 4 बाय 1 सेंटीमीटर, सीएलडब्ल्यू, हत्यार 'कठीण व बोथट'. सीएलडब्ल्यू म्हणजे चेचून फाटलेली जखम, कडा वेड्यावाकड्या. धार लागली तर सहसा कडा सरळ येतात आणि डॉक्टर 'इन्साइज्ड' लिहितात. आणि फिर्यादी बाई साक्षीत म्हणते, डोक्यात कोयत्यानं मारलं! पंच नेहमीप्रमाणे फितूर. (आमच्याकडे पंच बहुधा ठाण्यासमोरच्या चहाच्या गाडीवरून उचललेले असतात, त्यांना काय आठवणार?) बाई हत्याराबाबत खोटी, मग छळाबाबत तरी खरी कशावरून, असा युक्तिवाद मी तयार ठेवला.

आदल्या रात्री मराठी साक्ष काढली. बाहेरच्यांना ठाऊक नसतं, आमच्याकडे एकाच साक्षीच्या दोन प्रती होतात. साहेब, म्हणजे न्यायाधीश, इंग्रजीत सांगतात, मराठी वेगळी उतरते. वकील वाचतात ती इंग्रजी, कारण ती आटोपशीर. मराठी प्रतीत दुसऱ्या पानावर वाक्य होतं : 'त्यांनी कोयता उलटा धरून माझ्या डोक्यात घातला.' इंग्रजीत 'उलटा' गळाला होता. माझी विसंगती तिथंच मेली. कोयत्याची पाठ बसली तर जखम तशीच होणार.

पण सवय वाईट. लगेच दुसरं सुचलं. 324 ला भोसकायचं, कापायचं हत्यार लागतं, नाहीतर ज्याच्या वापरानं जीव जाऊ शकेल असं काही. उलटा धरलेला कोयता कापायचं हत्यार राहतो का? वाद घालता येतो. जमलं तर उरतं 323, साधी दुखापत, जास्तीत जास्त एक वर्ष.

सुनावणीला मी आधी इंग्रजी प्रतच वाचली. सरकारी वकिलांच्या हातात त्या दिवशी अख्खं बोर्ड, म्हणजे दिवसभराच्या सगळ्या केसेस, आमची फाइल त्यांनी उघडलीही नव्हती. कामाचा बोजा मला समजतो. तरी ती दोन पानं तिच्या बाजूनं वाचायचं काम कुणाचं होतं? शेवटी साहेबांनीच पानं चाळली. 'वकीलसाहेब, मराठी वाचा.' वाचलं. 'उलटा'वर न थांबता तसाच 323 वर गेलो, जणू मला पहिल्यापासून तिथंच जायचं होतं.

निकाल लागला. 498-अ कायम, पण दोनाचं एक वर्ष. 324 चं 323 झालं, तीन महिने. सुटका नाही म्हणून पक्षकार माझ्यावर घुश्शात.

व्हरांड्यातल्या बाकावर ती बाई भावाबरोबर बसली होती. तिनंच हाक मारली.

"साहेब, मी उलटा म्हणाले म्हणून कमी झालं का?"

"तसं नसतं, बाई. बरेच मुद्दे असतात."

साफ खोटं. त्या एका शब्दाखेरीज दुसरा मुद्दा माझ्याकडे नव्हता. आणि नुसतं कोयत्यानं म्हणाली असती तर डॉक्टरांच्या दाखल्यासमोर मी तिला खोटी पाडली असती, हेही तिला सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही.

"जबाब घेताना हवालदार म्हणालेच होते, नुसतं कोयत्यानं म्हणा," ती म्हणाली. "पण उलटाच होता ना."

भाऊ उठला. "चल ताई, साडेचारची गाडी जाईल."

आत माझ्या पुढच्या मॅटरचा पुकारा झाला होता.