सावलीतली देशी झाडं : यंदाच्या फाल्गुन-चैत्राचा अपडेट

मंडळी, मुळशीकडच्या प्लॉटचा अपडेट बरेच दिवस राहिला होता, आज टाकतोच. नवीन लोकांसाठी थोडक्यात : ऐन, हिरडा, जांभूळ अशी जुनी झाडं तिथे आधीपासूनच आहेत, त्यांच्या खाली उन्हाळ्याच्या तोंडावर फुलणारी आपल्याच सह्याद्रीतली झाडंझुडपं लावायचा उद्योग चालू आहे. पळस-पांगाऱ्याचे फोटो सगळेच टाकतात, पण त्यांना भरपूर ऊन लागतं, माझ्याकडे ते जमणार नाही.

यंदा भाव खाल्ला भुईचाफ्याने. होळीच्या सुमारास सुक्या पाल्यातून थेट फूलच वर, पानाचा पत्ता नाही. पांढऱ्या पाकळ्या, पुढे मधोमध चिरलेली जांभळी पाकळी, आणि वास तर विचारू नका. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं पण त्याच गड्ड्यातून पुढच्या कळ्या येत राहतात. पानं येतात पावसात आणि थंडीत पिवळी पडून गायब होतात, तेव्हा भलेभले झाड मेलं समजून पाणी घालत बसतात आणि गड्डे सडतात. दिवाळीनंतर पाणी बंद म्हणजे बंद. माझं मत विचाराल तर आपल्या या झाडांना पाणी घालून जगवण्यापेक्षा हात आवरणं जास्त कठीण आहे.

याला अपवाद सीतेचा अशोक, त्याला ओल हवीच, म्हणून ओढ्याच्या बाजूला लावलाय. अजून फुलायला वेळ आहे पण तांबूस लोंबती कोवळी पानं आलीत तीही बघत बसावी अशी. नर्सरीत नुसतं अशोक म्हणालात तर तो उंच सरळसोट खोटा अशोक हातात ठेवतात, त्यामुळे नाव पूर्ण सांगा, शक्यतो बियाच मिळवा, आणि मिळाल्या की लगेच पेरा, या बिया सुकल्या की रुजत नाहीत.

अंजनीची रोपं अगदीच हळू चाललीत, तक्रार नाही, तिचा स्वभावच तो. बांधावरची जुनी अंजनी मात्र मार्चमध्ये फांदीफांदीला निळ्या-जांभळ्या गुच्छांनी भरली होती. भिंग घेऊन बघा एकदा, फूल एवढुसं, चार पाकळ्या, आणि बाहेर डोकावणारे निळे पुंकेसर. माथेरान-महाबळेश्वरच्या रानात हिच्याच गर्दीतून आपण फिरतो आणि लक्ष असतं पॉइंटकडे!

कडेला जिथे ऊन पडतं तिथे धायटी, तिच्या लाल नळीसारख्या फुलांवर शिंजीर पक्षी सकाळपासून हजर. कुसरीची वेल ऐनावर चढलीय, पांढरी फुलं यायला सुरुवात. उक्षीच्या वेलीला भरपूर जागा द्या, नाहीतर शेजारच्या झाडाचं काही खरं नाही.

पालापाचोळ्याचं काय करता, असं मागे विचारलं होतं कोणीतरी. मी तो झाडत नाही, जाळत तर नाहीच, ओल धरून ठेवतो आणि भुईचाफ्याला तेच पांघरूण लागतं. पण आमच्या इथले एक काका दरवर्षी म्हणतात, "एवढा पाला ठेवू नका, वणवा आला तर काय कराल?" आणि त्यांचं म्हणणं चूक नाही, म्हणून कडेने सगळीकडून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढून घेतो, जमीन पार उघडी, गवताची काडी नाही. हे काम फेब्रुवारीतच उरकायचं, कारण गवत वाळलेलं असतं आणि शेजारच्या डोंगराला आग कधी लागेल सांगता येत नाही.

आता पावसाआधी भुईचाफ्याचे गड्डे वेगळे करणार, ज्यांना हवेत त्यांनी सांगून ठेवा, जंगलातून उपटून आणू नका प्लीज. आणि सुरंगीचं झाड घाटावर कोणी लावलंय का? तळकोकणात सुरंगी मस्त होते, पण आमच्याकडे थंडीत टिकेल का, आणि फुलायला किती वर्षं घेते, ज्यांच्याकडे आहे त्यांनी लिहा.