थाउजंडला एस्टीमचं मीटर: काटा नाचला, चार्जिंग झोपलं

बाबांच्या 1992च्या मारुती थाउजंडला आरपीएम मीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा काटा, नाही, ही माझी शाळेपासूनची खंत. मारुती 1000 आली 1990 साली. चार वर्षांनी तीच बॉडी आणि 1298 सीसीचं इंजिन घेऊन एस्टीम आली, म्हणजे जुन्या एस्टीमचं मीटर (डॅशबोर्डवरचा सगळ्या काट्यांचा संच) आपल्या गाडीला अगदीच परकं नाही. गेल्या महिन्यात कुर्ल्याला सीएसटी रोडवर आरपीएमवालं एक मीटर सापडलं. काचेवर ओरखडे होते, मागचा एक कान तुटलेला होता. दुकानदार चाचांनी आकडा सांगितला, मी निम्मा सांगितला, चहा झाला आणि मधे कुठेतरी मिटलं.

पहिला शनिवार
बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि मीटरभोवतीची फ्रेम सोडवली. मीटर पुढे ओढलं तर चार बोटं पुढे येऊन अडकलं. मागे स्पीडो केबल, म्हणजे गिअरबॉक्सकडून येऊन स्पीडचा काटा फिरवणारी केबल. तिच्या प्लॅस्टिक टोकाला एक जीभ असते, ती दाबल्याशिवाय केबल सुटत नाही, आणि हात जेमतेम मनगटापर्यंत जातो. वीस मिनिटं आंधळी कोशिंबीर खेळलो. शेवटी बॉनेट उघडून केबल आतल्या बाजूला थोडी सरकवली, तेव्हा ढील मिळाली. हे आधी करा, बोटं वाचतील.

दोन्ही मीटर टेबलावर शेजारी ठेवली. दोन्ही डायलवर बारीक अक्षरात 637 छापलेलं. जपानी पद्धतीत एक किलोमीटरला केबल 637 फेरे घेते. आकडा जुळला म्हणजे स्पीड जुळणार. पुढे जीपीएस लावून बघितलं: काटा 60वर, खरा वेग 57. जुन्या मीटरचाही एवढाच फरक होता.

रविवार
माझ्या गाडीच्या प्लगातल्या वायरी नव्या मीटरला क्रमाने जुळत नव्हत्या. रंगावर विश्वास ठेवला नाही, कारण तीस वर्षांत किती वायरमन हात मारून गेलेत कुणास ठाऊक. मल्टिमीटर घेऊन एकेक पिन शोधली आणि बुटाच्या खोक्यावर नकाशा काढला: अर्थ, इग्निशन, पेट्रोल, टेंपरेचर, ऑइल, दोन्ही इंडिकेटर. मीटरमागच्या फ्लेक्सिबल पीसीबीची (वायरींऐवजी तांब्याच्या पट्ट्या असलेल्या लवचिक प्लॅस्टिकची) एक पट्टी एका जागी केसाएवढी तडकली होती. तिथे बारीक वायर सोल्डर केली.

आरपीएमची वायर ठिणगी तयार करणाऱ्या इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून आणली, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या (फायरवॉलच्या) भोकातल्या रबरी ग्रोमेटमधून. त्या टोकाला ठिणगीच्या क्षणी दोनतीनशे व्होल्टचा झटका येतो, म्हणून इन्सुलेशन चांगलं घ्या आणि ती रेडिओच्या वायरींपासून लांब ठेवा. मीटर या ठिणग्या मोजूनच फेरे दाखवतं. चार सिलिंडरला इंजिनाच्या एका फेऱ्यात दोन ठिणग्या, एस्टीमलाही तेवढ्याच, त्यामुळे इथे हिशोब सरळ. हेच मीटर मारुती 800ला लावायचा विचार असेल तर थांबा. तिथे तीन सिलिंडर, फेऱ्याला दीड ठिणगी, आणि खऱ्या 3000ला काटा 2250 दाखवेल.

स्टार्टर मारला. काटा उठला, 900वर स्थिरावला. फेरे मोजणाऱ्या टायमिंग लाइटवर 850. बाबा खिडकीतून डोकावले, "नुसता नाचतोय की काही सांगतोय?"

पुढचा आठवडा
आता माझा शहाणपणा. मीटर उघडलंच आहे म्हणून सगळे बल्ब काढून एलईडी टाकले होते. मंगळवारी ऑफिसातून निघताना सेल्फ कण्हला. बॅटरी मोजली: इंजिन आयडलवर असताना 12.3 व्होल्ट. एकदा ॲक्सिलरेटर जोरात दाबला की झपकन 13.9. म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर चांगला, पण त्याला जाग उशिरा येत होती. बेल्ट ताणला, टर्मिनल घासले, दोन संध्याकाळी वाया घालवल्या. मग ट्यूब पेटली. या अल्टरनेटरला जागं करणारा सुरुवातीचा (एक्सायटेशनचा) करंट मीटरमधल्या बॅटरीच्या लाल दिव्यातूनच जातो. 3.4 वॅटचा साधा बल्ब पाव ॲम्पियरहून जास्त करंट सोडतो, एलईडी जेमतेम वीस मिलिॲम्पियर. तो एक बल्ब परत जुना टाकला आणि चावी फिरवल्याबरोबर चार्जिंग सुरू. बाकी एलईडी तसेच ठेवलेत, पण खरं सांगायचं तर रात्री तो पांढरा उजेड मला आवडत नाही. पिवळसर उजेडातच ही गाडी घरची वाटते.

किलोमीटरचं काय, असं विचाराल. चाचांच्या मीटरवर 1,63,418, आमच्यावर 84,207. आकडे फिरवले नाहीत. दोन्हींचा फोटो काढला, तारखेसह सर्व्हिस बुकात लिहिलं आणि जुनं मीटर कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. गाडी कधी विकलीच (बाबा हे वाचत नाहीत ना?) तर घेणाऱ्याला दाखवता येईल.

उरलंय एवढंच: टेंपरेचरचा काटा पूर्वीपेक्षा दोन रेघा वर उभा राहतो. पेट्रोलचा काटा बरोबर आहे. दोन्ही चुकले असते तर त्या दोघांना व्होल्टेज पुरवणाऱ्या मीटरमधल्या रेग्युलेटरवर संशय घेतला असता. एकटाच चुकतोय, तर माझ्या इंजिनावरचा सेंडर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर) आणि नव्या मीटरचा गेज यांचं जुळत नसणार. रविवारी जुना सेंडर काढून पातेल्यात पाणी तापवतो आणि थर्मामीटर लावून ओहम मोजतो. पातेलं कोणतं, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.