गोंधळाची अर्धवट फाईल

तुळजापूर भागातल्या एका गावात देवीचा गोंधळ रात्रभर चालला होता. पहाटे आरतीच्या ऐन तोंडावर कॅमेऱ्याची बॅटरी संपली. आधीच्या सगळ्या फायली नीट उघडत होत्या, शेवटची तेवढी उघडेना. मुख्य गोंधळी सत्तरीच्या पुढचे. चित्रीकरण करणारे काका कार्ड हातात देत म्हणाले, "बघ बाबा, असं गाणं परत व्हायचं नाही."

एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने सांगितलं, 'मूव्ह ॲटम नॉट फाउंड', म्हणजे फाईलमधला 'मूव्ह' नावाचा भाग सापडत नाही. एवढं वाचून लोक कार्ड फॉरमॅट करून मोकळे होतात, याचं मला फार वाईट वाटतं. चित्र आणि आवाज फाईलच्या 'एमडॅट' नावाच्या भागात पडलेलेच असतात. कुठली फ्रेम कुठल्या बाइटपासून सुरू होते आणि किती लांब आहे, याची अनुक्रमणिका म्हणजे 'मूव्ह'. कॅमेरा ती रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहितो. वीज आधीच गेली तर ती राहून जाते.

कार्डाची नक्कल काढून मूळ कार्ड बाजूला ठेवलं. मग त्याच रात्रीची एक चांगली फाईल आणि ही बिघडलेली, दोन्ही हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलमधला एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, शेजारी शेजारी उघडल्या. या कॅमेऱ्याचं चित्र एच.२६४ या पद्धतीने दाबून साठवलेलं असतं. त्याच्या प्रत्येक तुकड्याआधी ४ बाइटमध्ये त्याची लांबी लिहिलेली असते. म्हणजे लांबी वाचायची, तेवढं पुढे सरकायचं, पुन्हा लांबी वाचायची. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत हे काम थोड्याच ओळींत होतं. लांबीच्या जागी ००-००-००-०१ ही सुरुवातीची खूण घातली की डीकोडरला, म्हणजे दाबलेलं चित्र उलगडणाऱ्या प्रोग्रॅमला, तुकडे ओळखता येतात. पण चित्राचा आकार वगैरे सांगणारे एसपीएस आणि पीपीएस हे मथळे 'मूव्ह'सोबतच गेलेले असतात. ते चांगल्या फाईलमधून उचलून सुरुवातीला जोडले. कॅमेरा आणि सेटिंग तेच असल्यामुळे ते चपखल बसले.

खरी परीक्षा आवाजाची. गोंधळात संबळ आणि तुणतुणं नसेल तर उरतं काय? चांगल्या फाईलच्या अनुक्रमणिकेत पाहिलं, तर १२ फ्रेम चित्र, मग आवाज, अशी आलटून पालटून मांडणी होती. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे १२ फ्रेमना ०.४८ सेकंद. आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेला, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. म्हणजे सेकंदाला १,९२,००० बाइट, आणि ०.४८ सेकंदाला बरोबर ९२,१६०. दर १२ फ्रेमनंतर तेवढे बाइट वेगळ्या फाईलमध्ये काढत गेलो. इथे एक बाइट जरी सरकला तरी गाण्याच्या जागी नुसती खरखर ऐकू येते.

दोन्ही धारा एफएफएमपेगने जोडल्या. संबळावर काठी पडते त्याच क्षणी ठोका ऐकू येतो का, हे मधूनमधून थांबवून तपासलं. येत होता, अगदी शेवटपर्यंत. शेवटचा अर्धवट लिहिला गेलेला तुकडा तेवढा सोडून द्यावा लागला.

दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी १२ आणि ९२,१६० हे आकडे बदलून घ्यावे लागतात. आवाज एएसी, म्हणजे दाबून साठवलेला, असेल तर मात्र ही युक्ती पुरत नाही, कारण त्याचं प्रत्येक पाकीट वेगळ्या लांबीचं असतं. सध्या त्यावर काम चालू आहे.